एक मच्छरदाणी, दोन आजार : गांबियातील केनेबा गावाची गोष्ट

हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन आशाताई घरी आल्या की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "मला काहीच होत नाही, मग मी गोळ्या कशाला खाऊ?" आणि दुसरा, "आम्ही मच्छरदाणीत झोपतो, तेवढे पुरत नाही का?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दुसऱ्या प्रश्नाला तर एका देशाने "हो, पुरते" असे उत्तर देऊन दाखवले आहे. पश्चिम आफ्रिकेतील गांबिया या छोट्या देशात हत्तीरोगाच्या गोळ्यांची देशव्यापी मोहीम झाली नाही, तरीही या आजाराचा प्रसार थांबला. विशेष म्हणजे मच्छरदाण्या वाटल्या गेल्या होत्या त्या मलेरियासाठी.

हे तिथे कसे घडले आणि आपल्याकडे तेवढ्यावर का भागत नाही, हे या लेखात पाहू. त्यासाठी साधारण सत्तर वर्षे मागे, केनेबा नावाच्या एका खेड्यात जावे लागेल.

दोन वेगळे परजीवी, वाहक मात्र डासच

मलेरिया (हिवताप) आणि हत्तीरोग यांची कारणे अगदी वेगळी आहेत. मलेरियाचा परजीवी एकपेशीय असतो. तो आधी यकृतात वाढतो आणि नंतर तांबड्या रक्तपेशी फोडत सुटतो. हत्तीरोग होतो तो दोऱ्यासारख्या बारीक जंतांमुळे. हे जंत पोटात नसतात, लसीकावाहिन्यांत राहतात. तिथे त्यांची मादी अतिसूक्ष्म पिल्ले सोडत राहते आणि ती रक्तात फिरतात. वर्षानुवर्षे हे चालू राहिले की लसीकावाहिन्या निकामी होतात, पाय सुजून हत्तीसारखा होतो, पुरुषांना अंडवृद्धी होते.

दोन्हींचा प्रवास माणसाकडून डासाकडे आणि डासाकडून पुन्हा माणसाकडे असा होतो. हा शोधही आधी हत्तीरोगाच्या अभ्यासातूनच पुढे आला. १८७७ मध्ये चीनमधील अमॉय बंदरात काम करणाऱ्या पॅट्रिक मॅन्सन या स्कॉटिश डॉक्टरने दाखवले की रुग्णाच्या रक्तातील हे सूक्ष्म जंत डासाच्या शरीरात जातात आणि तिथे वाढतात. पुढे याच मॅन्सनने रोनाल्ड रॉस यांना मलेरियासाठीही डास तपासून पाहण्याची कल्पना दिली. १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबाद येथे रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत मलेरियाचा परजीवी सापडला. थोडक्यात, हत्तीरोगाने मलेरियाची वाट दाखवली. गांबियात पुढे या उपकाराची परतफेड झाली.

केनेबा : मोजणीने सुरू झालेले काम

गांबिया नदीच्या दोन्ही काठांवरची अरुंद पट्टी म्हणजे गांबिया देश. समुद्राची बाजू सोडली तर चहूकडे सेनेगल. १९६५ पर्यंत तिथे ब्रिटिशांची सत्ता होती. केनेबा हे नदीच्या दक्षिणेकडील मांडिंका लोकांचे गाव. भुईमूग, ज्वारी-बाजरी आणि दलदलीतील भात ही तिथली शेती. पाऊस साधारण जून ते ऑक्टोबर. तेव्हा घरातले धान्य संपत आलेले असते, शेतातले काम सर्वात जास्त असते आणि डासही सर्वात जास्त असतात.

१९४९ मध्ये डॉ. इयान मॅकग्रेगर हे तरुण ब्रिटिश डॉक्टर गांबियात आले. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलचे केंद्र किनाऱ्यावरील फजारा येथे नुकतेच उभे राहिले होते. कुपोषण आणि परजीवी आजार यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, हे शोधणे हे त्यांचे काम. त्यांनी केनेबा आणि आसपासची काही खेडी निवडली आणि वर्षानुवर्षे तीच माणसे पुन्हा पुन्हा तपासली. प्रत्येक जन्म आणि मृत्यूची नोंद, मुलांचे वजन, उंची, प्लीहेचा आकार, बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब असे हे काम होते.

त्या नोंदींतून जे समोर आले ते भयंकर होते. १९५० च्या दशकात या खेड्यांत जन्मलेल्या दर दहा मुलांपैकी चार किंवा त्याहून जास्त मुले पाच वर्षांची होण्याआधीच मरत होती. त्यातले बहुतेक मृत्यू पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत होत. शहरातल्या रुग्णालयात बसून हे कधीच कळले नसते, कारण ही मुले रुग्णालयापर्यंत पोहोचतच नव्हती.

रक्ततपासणीतून आणखी एक गोष्ट दिसली. पावसाळ्यात जवळपास सगळ्याच लहान मुलांच्या रक्तात मलेरियाचे परजीवी असत, पण त्यातली कित्येक मुले अंगणात खेळत असत. मोठ्या माणसांच्या रक्तात परजीवी फार कमी असत आणि त्यांना तापही क्वचित येई. म्हणजे शरीरात परजीवी असणे आणि आजारी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "मला काहीच होत नाही" या वाक्याचे उत्तर इथेच आहे. त्रास नसला तरी माणूस परजीवी बाळगून असू शकतो आणि डासामार्फत तो दुसऱ्याला देऊ शकतो.

सुब्बाराव यांचे औषध केनेबात

मॅकग्रेगर यांना केनेबात मलेरियाइतकाच हत्तीरोगाचा जंतही सापडला. १९५० च्या दशकात गांबियातील पाहण्यांमध्ये सुमारे २४ ते ४८ टक्के लोकांच्या रक्तात हे सूक्ष्म जंत होते. आफ्रिकेतील सर्वाधिक प्रमाणांपैकी हे एक होते. ही तपासणी रात्री करावी लागते. हे सूक्ष्म जंत दिवसा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडून राहतात आणि डास चावण्याच्या वेळी, म्हणजे रात्री, त्वचेजवळच्या रक्तात येतात. आपल्याकडेही आरोग्य कर्मचारी हत्तीरोगासाठी रात्री रक्त घ्यायला येतात, त्याचे कारण हेच.

त्याच सुमारास एक नवे औषध आले होते, डायइथिलकार्बामाझिन, म्हणजेच डीईसी. त्याचे त्या वेळचे बाजारातील नाव हेट्राझान. अमेरिकेतील लेडरले प्रयोगशाळेत १९४७ मध्ये ते पुढे आले, आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरममध्ये जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक बेटांवर गेलेल्या अमेरिकन सैनिकांना हत्तीरोगाची लागण झाल्यावर या औषधाच्या शोधाला वेग आला होता.

मॅकग्रेगर यांनी फ्रँक हॉकिंग आणि डी. ए. स्मिथ यांच्यासोबत केनेबा गावात हे औषध वापरून पाहिले. १९५२ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. (फ्रँक हॉकिंग म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेले भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांचे वडील. उष्ण कटिबंधातील परजीवी आजार हा त्यांचा विषय.) यातली मुख्य कल्पना अशी होती की उपचार एका रुग्णावर करायचा नाही, संपूर्ण गावावर करायचा. औषधानंतर गावातील लोकांच्या रक्तातले सूक्ष्म जंत मोठ्या प्रमाणात घटले. गावात कोणाच्याच रक्तात पुरेसे जंत उरले नाहीत, तर डासाला ते मिळणार कुठून, असा हा हिशोब. आज आपल्याकडे सामुदायिक औषधोपचार मोहिमेत हाच हिशोब वापरला जातो.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. त्या काळी वसाहतींमध्ये संशोधन करताना आजच्यासारखी लेखी संमती किंवा नैतिकता समितीची परवानगी घेण्याची पद्धत रुळलेली नव्हती. आज असे कोणतेही काम त्याशिवाय सुरू होऊ शकत नाही. पण आपण आज ज्या ज्ञानाचा लाभ घेतो, त्यात त्या लोकांनी वर्षानुवर्षे दिलेला रक्ताचा एकेक थेंब आहे, हे विसरता कामा नये.

मोठ्यांच्या रक्तातील ढाल

मोठ्या माणसांना मलेरियाचा त्रास कमी का होतो? मॅकग्रेगर, सिडनी कोहेन आणि कॅरिंग्टन यांनी १९६१ मध्ये याचे उत्तर दिले. त्यांनी गांबियातील प्रौढांच्या रक्तातून प्रतिपिंडे असलेला भाग, म्हणजे गॅमा ग्लोब्युलिन, वेगळा केला आणि मलेरियाने आजारी असलेल्या मुलांना तो टोचला. काही दिवसांतच मुलांच्या रक्तातील परजीवी झपाट्याने घटले. मलेरिया कधीच न झालेल्या ब्रिटनमधील लोकांचे गॅमा ग्लोब्युलिन दिले, तेव्हा तसा परिणाम दिसला नाही.

मलेरियाविरुद्ध शरीर प्रतिकारशक्ती कमावते, हे यातून पक्के झाले. पण तिची किंमतही केनेबाच्या नोंदवहीत होती. ही शक्ती यायला कित्येक पावसाळे लागतात, आणि त्या काळात अनेक मुले दगावतात. त्यामुळे सुरुवातीची पाच वर्षे मुलांना डासांपासून वाचवायचे कसे, हा खरा प्रश्न होता.

घरातली जुनी जाळी आणि नवे औषध

गांबियातील खेड्यांत मच्छरदाणी नवीन नव्हती. कितीतरी घरांत ती आधीपासूनच वापरात होती. रात्री डास त्रास देतात, झोप लागत नाही, म्हणून लोक ती लावत. १९८० च्या दशकात ब्रायन ग्रीनवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नदीच्या उत्तरेकडील फराफेनी भागात नीट तपासून पाहिले, तेव्हा निराशा पदरी आली. साध्या मच्छरदाणीने मुलांमधील मलेरिया म्हणावा तसा कमी होत नव्हता. जाळी फाटलेली असते, मुलाचा हात किंवा पाय जाळीला टेकतो, आणि डास बाहेरूनच चावतो.

मग जाळी पर्मेथ्रिनच्या द्रावणात भिजवून वाळवायला सुरुवात झाली. शेवंतीच्या जातीच्या एका फुलात निसर्गतः असणाऱ्या कीटकनाशकाशी साधर्म्य असलेले हे रसायन. माणसाला त्याचा धोका फार कमी, पण डास त्यावर बसला की मरतो किंवा पळतो. आपल्याकडे आरोग्य खाते जिला "भारित मच्छरदाणी" म्हणते, ती हीच.

१९९१ मध्ये पेद्रो अलोन्सो, ग्रीनवुड आणि सहकाऱ्यांनी ग्रामीण गांबियातील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. भारित मच्छरदाण्या असलेल्या गावांत १ ते ४ वर्षे वयाच्या मुलांचे एकूण मृत्यू ६३ टक्क्यांनी कमी झाले होते. लक्षात घ्या, हा आकडा केवळ मलेरियाच्या मृत्यूंचा नाही, कोणत्याही कारणाने झालेल्या मृत्यूंचा आहे.

त्यानंतर गांबिया सरकारने राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. देशभर राबवताना परिणाम थोडा उतरला. १ ते ९ वर्षांच्या मुलांमधील मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी घटले. पुढच्या टप्प्यात कीटकनाशकासाठी पैसे घ्यायला सुरुवात झाली आणि जाळ्या भिजवून घेणाऱ्यांचे प्रमाण एकदम कोसळले. जिथे औषध मोफत मिळत होते तिथे बहुतेक लोक जाळ्या भिजवून घेत राहिले. लोकांना जाळीची किंमत कळत नव्हती असे नाही. पावसाळ्याच्या तोंडावर घरात रोख पैसा नव्हता. हा धडा पुढे अनेक देशांनी घेतला आणि मच्छरदाण्या मोफत वाटायला सुरुवात केली. २००० ते २०१५ या काळात आफ्रिकेत मलेरियाच्या सुमारे ६६ कोटी केसेस टळल्या आणि त्यातील दोन तृतीयांशांहून अधिक मच्छरदाण्यांमुळे टळल्या, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

आणि हत्तीरोगाचा जंत कुठे गेला?

या सगळ्या गडबडीत हत्तीरोग मागे पडला होता. गांबियात त्यासाठी देशव्यापी औषधोपचार झाले नाहीत. पण १९७५-७६ मध्ये पाहणी झाली तेव्हा त्याचे प्रमाण आधीच खूप खाली आलेले दिसले. तेव्हा भारित मच्छरदाण्या नव्हत्या, त्यामुळे सगळे श्रेय त्यांना देता येणार नाही. मात्र साध्या जाळ्यांचा मोठा वापर हे त्यामागचे एक कारण मानले जाते.

पुढे १९९७ ते २०१३ या काळात तीन पाहण्या झाल्या. २००३ मध्ये २१ पैकी १६ जिल्ह्यांत हत्तीरोगाचे स्थानिक अस्तित्व उरले नव्हते. २०१३ मध्ये देशभरातील ६० शाळांतील ६ ते ७ वर्षांच्या ३,१८० मुलांचे रक्त तपासले गेले. मुलांची निवड मुद्दाम केली होती. लहान मुलांना नवी लागण होत नसेल, तर प्रसार थांबला असे समजता येते. निष्कर्ष असा निघाला की सर्व २१ जिल्ह्यांत प्रसार थांबला आहे, आणि मलेरियासाठी अनेक वर्षे वापरलेल्या मच्छरदाण्यांचा त्यात मोठा वाटा असावा.

मलेरिया मात्र तिथे आजही आहे. पूर्वीपेक्षा बराच कमी, पण आहे. एकाच जाळीने एक आजार हटला आणि दुसरा टिकला, याची कारणे अशी:

* पश्चिम आफ्रिकेच्या ग्रामीण भागात दोन्ही आजार एकाच जातीचा डास पसरवतो, तो म्हणजे ॲनोफिलिस. तो मुख्यतः रात्री, माणसे झोपलेली असताना चावतो.
* दोन्ही परजीवींना डासाच्या शरीरात तयार व्हायला साधारण १० ते १२ दिवस लागतात. जाळीवर बसून डास त्याआधीच मेला, तर तो कोणालाच आजार देऊ शकत नाही.
* मलेरियासाठी परजीवी असलेल्या डासाचा एक चावाही पुरतो. हत्तीरोगाचे तसे नाही. डास जंताची पिल्ले त्वचेवर सोडतो आणि चाव्याच्या छिद्रातून ती स्वतः आत शिरतात. बहुतेक वाटेतच मरतात. नर आणि मादी दोन्ही शरीरात पोहोचून वाढावे लागतात. त्यासाठी अनेक महिने, कधी कधी वर्षे, हजारो चावे व्हावे लागतात.
* रक्तात सूक्ष्म जंत अगदी थोडे असतील, तर ॲनोफिलिस डासात त्यांचा निभाव सहसा लागत नाही. म्हणून ठरावीक पातळीच्या खाली गेल्यावर साखळी आपोआप तुटते.

असेच काहीसे पॅसिफिकमधील सॉलोमन बेटांवरही घडले होते. तिथेही ॲनोफिलिस डास हत्तीरोग पसरवतो, आणि मलेरियासाठी घरांत केलेल्या डीडीटी फवारणीनंतर हत्तीरोग ओसरला.

मग आपल्याकडे गोळ्या का घ्यायच्या?

कारण आपला डास वेगळा आहे. महाराष्ट्रात आणि भारताच्या बहुतेक भागांत हत्तीरोग पसरवतो तो क्युलेक्स. तो तुंबलेल्या गटारात, उघड्या संडासाच्या टाकीत, घाण पाण्यात वाढतो. त्याची संख्या प्रचंड असते, आणि रक्तात अगदी थोडे सूक्ष्म जंत असले तरी ते त्याच्या शरीरात वाढू शकतात. त्यामुळे गांबियासारखी साखळी आपोआप तुटत नाही. मच्छरदाणी आपल्यालाही हवीच, पण ती एकटी पुरत नाही. डासाला मिळणारे जंतच कमी करावे लागतात, आणि तेच काम गोळ्या करतात.

त्यासाठी आपल्याकडे सुब्बाराव यांचे तेच डीईसी, जोडीला अल्बेंडाझोल, आणि काही जिल्ह्यांत आयव्हरमेक्टिन अशी तीन औषधे दिली जातात. तीन औषधांची ही पद्धत देशात ज्या जिल्ह्यांत सर्वात आधी सुरू झाली, त्यात विदर्भातील नागपूर होता.

गोळ्यांबाबत एवढे लक्षात ठेवा:

* मोहीम असलेल्या भागात त्रास नसला तरी गोळ्या घ्या. हत्तीपाय झाल्यावर गोळ्यांनी पाय पूर्ववत होत नाही.
* गोळ्या उपाशीपोटी घेऊ नका. आशाताई किंवा आरोग्य कर्मचाऱ्यांसमोरच घ्या, नंतरसाठी ठेवू नका.
* दोन वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी व्यक्तींना या गोळ्या देत नाहीत. बाकी कोणाला कोणते औषध चालेल, हे कर्मचाऱ्यांना विचारा.
* गोळ्यांनंतर थोडा ताप, डोकेदुखी किंवा मळमळ झाली, तर बहुतेक वेळा ती शरीरातले सूक्ष्म जंत मरत असल्यामुळे असते. हा त्रास सहसा एक-दोन दिवसांत जातो. जास्त झाला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.
* घराजवळचे गटार वाहते ठेवा, संडासाच्या व्हेंट पाइपला जाळी बांधा आणि रात्री मच्छरदाणी लावा.

केनेबातील काम आजही थांबलेले नाही. तिथले संशोधन केंद्र अजून चालू आहे आणि कित्येक कुटुंबांच्या तीन-चार पिढ्यांच्या नोंदी तिथे आहेत. १९६१ च्या त्या प्रयोगाने मलेरियाविरुद्ध लस शक्य आहे ही आशा दिली. प्रत्यक्ष लसीला त्यानंतर साठ वर्षे लागली. आजच्या लसी रक्तातल्या परजीवीवर नव्हे, तर यकृतात शिरण्याआधीच्या परजीवीवर काम करतात, म्हणजे त्यांची रीत वेगळी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पहिल्या आणि २०२३ मध्ये दुसऱ्या लसीची शिफारस केली. पहिल्या लसीची एक सुरुवातीची चाचणी गांबियातच झाली होती. दुसरी, आर२१ नावाची, ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केली आणि ती बनवते पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट. पुण्यात भरलेल्या या कुप्या आज आफ्रिकेतील खेड्यांत लहान मुलांना टोचल्या जात आहेत.

भारतात सध्या या लसी नेहमीच्या लसीकरणात नाहीत. त्यामुळे पावसाळ्यात थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या आणि मलेरिया निघाल्यास औषधांचा पूर्ण कोर्स संपवा. आणि पुढच्या वेळी आशाताई हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन दारात आल्या, तर त्या समोरच गिळा, घरातल्या इतरांनाही द्यायला सांगा.